बॅटरीचं ड्रिल आणि काळ्या दगडाची भिंत

साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत काळ्या दगडाची. बाबांच्या फोटोसाठी १२ व्होल्टचं बॅटरीचं ड्रिल लावलं. बिट तापून निळं पडलं, भिंतीवर नुसता पांढरा ओरखडा! शिडी धरलेली बायको म्हणाली, ‘‘अहो, राहू द्या आता.’’ शेवटी शेजारच्या प्लंबरदादांनी वायरवालं रोटरी हॅमर (फिरता फिरता ठोकेही देणारं ड्रिल) आणून मिनिटात भोक पाडलं.

कपाटाच्या बिजागऱ्यांना मात्र १२ व्होल्टच बरं, हलकं असतं, मनगट भरून येत नाही. आणि दुकानात ‘२० व्होल्ट’ म्हणतात ना, ते १८च. आत ३.६ व्होल्टचे ५ सेल. फुल चार्ज झाले की २० च्या पुढे दाखवतात, एवढंच. पुढचं मशीन १८चं घेईन, पण कापायचं-घासायचं ग्राइंडरही त्याच बॅटरीवर चालणार असेल तरच.

फोटो अजून जरा तिरकाच आहे.