२६ जानेवारीची रात्रपाळी

२६ जानेवारीला आमच्या छापील अंकाला सुट्टी असते, २७ ला पेपर नसतो. पानंच छपाईला सोडायची नसल्यामुळे रात्रपाळीला धावपळ नसते. २०२० च्या त्या रविवारी पुण्याच्या ऑफिसात क्रीडा विभागात आम्ही दोघंच होतो, वेबसाइट चालू ठेवायला. मी, आणि सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून येऊन लागलेला एक शिकाऊ उपसंपादक. ऑकलंडला भारताने न्यूझीलंडला दुसऱ्या टी-२० सामन्यात सात गडी राखून हरवलं होतं, ते दुपारीच उरकलं होतं. झहीर खानच्या पद्मश्रीची बातमी आदल्या रात्रीच लागली होती.

पाळीवर आल्याआल्या मी एक छोटी बातमी टाकली. फिलाडेल्फियाच्या सामन्यात लेब्रॉन जेम्सने एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सर्वकालीन गुणांच्या यादीत निवृत्त खेळाडू कोबी ब्रायंटला मागे टाकलं आणि तिसरा क्रमांक घेतला. कोबीचे गुण ३३,६४३. लेब्रॉनचे त्या सामन्यानंतर ३३,६५५. सामना आपल्याकडच्या सकाळी झालेला, त्यामुळे बातमी जरा शिळीच होती. तीन परिच्छेद, एक फाइल फोटो, शेवटी एक ओळ: कोबीने ट्विट करून लेब्रॉनचं कौतुक केलं. फिलाडेल्फिया हे कोबीचं जन्मगाव, ही बातमीतली सगळ्यात बोलकी गोष्ट. तीच लिहायची राहिली. उद्या घालू म्हटलं.

एक वाजायला आला होता. पोरगा मोबाइलकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कोबी गेला म्हणून राहिले."

मला आधी वाटलं, कुठल्या संघात गेला? निवृत्त होऊन तर चार वर्षं होत आली. मग त्याचा चेहरा पाहिला.

बातमी सिनेतारकांच्या भानगडी छापणाऱ्या एका अमेरिकन साइटवर होती. लॉस एंजेलिसजवळ कॅलाबसस इथं टेकडीवर हेलिकॉप्टर कोसळलं, कोबी ब्रायंट त्यात होता, एकूण पाच मृत. बाकी कुठंच काही नाही. अशा वेळी पोटात कालवतं. थांबलो तर मागे पडतो, टाकली आणि खोटी निघाली तर जिवंत माणसाला मारल्याचं पाप. मी थांबलो. वृत्तसंस्थेचा फ्लॅश, म्हणजे तातडीची एक ओळ, आल्यावरच मथळ्याला हात घातला.

आणि तिथंच अडलो. एरवी सवयीने आम्ही नुसतं 'कोबी' लिहायचो, संध्याकाळच्या बातमीतही तेच. पण मराठीत कोबी ही भाजी आहे. आधीच्या बातम्यांखाली त्यावरच्या कोट्या मी वाचलेल्या होत्या. गंमत म्हणजे नाव खरंच खाण्यावरूनच पडलेलं: आईवडिलांनी मेनूकार्डवर जपानच्या कोबे शहरातल्या प्रसिद्ध गोमांसाचं नाव वाचलं आणि मुलाला ते ठेवलं. ४१ वर्षांच्या माणसाच्या मृत्यूच्या बातमीवर कुणी हसावं, हे मला सहन होणार नव्हतं. त्यामुळे मथळ्यात पूर्ण नाव, आणि मजकुरात शेवटपर्यंत 'ब्रायंट'.

दुसरी अडचण क्रियापदाची. आमच्या क्रीडापानावर खेळाडू 'तो' असतो. सचिन आला, खेळला, बाद झाला. माणूस गेला की एका रात्रीत 'ते' होतो, 'यांचे' होतो. संध्याकाळी आठला मी 'कोबीला मागे टाकले' असं लिहिलं होतं, आणि एकच्या पुढं त्याच की-बोर्डवर 'ब्रायंट यांचा' टाइप केलं. 'निधन' लिहिलं नाही. अपघातात निधन होत नाही, मृत्यू होतो, हा आमच्या डेस्कवरचा जुना दंडक. 'बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू'. खाली: एकूण पाच जण ठार.

तो 'पाच' माझ्या हातून गेला. नावानिशी पुष्टी कोबीचीच होती, आकड्याची नव्हती. तरी मी आकडा लिहिला.

पुढचे तीन तास मी विसरणार नाही. दोननंतर कळलं की १३ वर्षांची मुलगी जियानाही सोबत होती. एका मोठ्या वाहिनीवर तर चारही मुली हेलिकॉप्टरमध्ये होत्या असं सांगून झालं. व्हॉट्सअॅपवर लॉस एंजेलिस लेकर्स या कोबीच्या संघातल्या एका माजी खेळाडूचंही नाव फिरायला लागलं. तो हेलिकॉप्टरमध्ये नव्हताच. पोरगा एकेक बातमी वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "टाकू का सर?" मी नको म्हणायचो. चार मुलींची बातमी तर मनात आली तरी अंगावर काटा येत होता; घरी सुखरूप असलेल्या तीन मुलींना आपण मेल्याची बातमी दिसली असती.

पहाटे चारच्या सुमारास तिथल्या शेरीफने, म्हणजे पोलीसप्रमुखाने, पत्रकारांना सांगितलं: हेलिकॉप्टरमध्ये नऊ जण होते, कुणीही वाचलं नाही. आपल्या माणसाचा मृत्यू एखाद्या साइटवरून कळावा, हे फार वाईट आहे, असंही तो बोलला. मी पाचाचे नऊ केले. आमच्या साइटवर तीन तास चार माणसं मेलेली नव्हती, आणि त्यांच्या घरच्यांना ते तोवर कळलं होतं की नाही, कोण जाणे.

मग मोठा लेख. वाचकाला काय सांगायचं? पोरगा म्हणाला, "त्यांचा सचिन म्हणा." नागपुरात शाळेपासून बास्केटबॉल खेळलेला, ऑक्टोबरात मुंबईत वरळीच्या डोम स्टेडियममध्ये एनबीएचे सामने झाले तेव्हा मुद्दाम तिकडे गेलेला पोरगा. त्याला पटवायला मला वेळ लागला. सचिन म्हटलं की वाचकाला सचिनच दिसतो, हा माणूस दिसत नाही. त्यापेक्षा साधं सांगू: बास्केटबॉलमध्ये अख्खा संघ शंभरच्या आसपास गुण करतो. २२ जानेवारी २००६ ला लेकर्सने टोरोंटोविरुद्ध १२२ केले, त्यातले ८१ या एकट्याचे.

बाकीचं भराभर लिहिलं. वडील जो ब्रायंट स्वतः एनबीए खेळलेले, पुढे इटलीत खेळायला गेले, म्हणून पोराचं लहानपण इटलीत गेलं आणि इटालियन पक्कं झालं. १९९६ ला शाळेतून थेट एनबीएत, वय १७. नव्या खेळाडूंच्या निवडीत शार्लट संघाने तेराव्या क्रमांकावर निवडलं आणि लेकर्सला देऊन टाकलं. तिथं २० हंगाम, पाच विजेतेपदं, दोन ऑलिम्पिक सुवर्णं. शेवटच्या सामन्यात, १३ एप्रिल २०१६ ला, ३७ व्या वर्षी ६० गुण. ऑस्करसुद्धा मिळालं.

एका जागी मात्र पोरग्याने मला थांबवलं. "सर, फ्री थ्रो लिहिला का?" मी वाचलेलं होतं, पण त्याने ते करून दाखवलं. दोन टेबलांच्या मधल्या जागेत तो उभा राहिला, डावी टाच उचलून. १२ एप्रिल २०१३. गोल्डन स्टेटविरुद्ध बॉल घेऊन वळताना कोबीच्या टाचेमागची शीर तुटली. ती तुटली की पावलात जोरच उरत नाही. दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून कुणाच्या अडथळ्याविना बास्केटमध्ये बॉल टाकायच्या संधी, मिळाले होते. तो चालत रेषेपर्यंत गेला. पोरगाही तसाच चालला, पाऊल सपाट टाकत, टाच न वळवता. थांबला. मनगट मोडून हवेत एक बॉल टाकला. मग दुसरा. "दोन्ही आत सर. मग आपल्या पायाने चालत बाहेर." आणि तो तिथंच खुर्चीवर बसला आणि रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. लेखात त्या प्रसंगाला सगळ्यात मोठा परिच्छेद दिला. आजही तो लेख वाचला तर तेवढाच भाग जिवंत वाटतो, आणि तो त्या पोराचा आहे.

म्हणूनच पुढचं त्याला जास्त लागलं. २००३ मध्ये कोलोरॅडोत हॉटेलात काम करणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीने कोबीवर बलात्काराचा आरोप केला होता. गुन्हा दाखल झाला. २००४ च्या सप्टेंबरात, ती साक्ष द्यायला तयार नसल्याने, सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. कोबीने जाहीर निवेदनात माफी मागितली: जे झालं ते दोघांच्या संमतीने झालं असं मला वाटत होतं, तिला तसं वाटत नव्हतं हे आता मला कळतं, अशा अर्थाचं. दिवाणी दावा पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर मिटला. मी हे पाच ओळींत घातलं.

"आत्ता कशाला सर? पोरगी पण गेली त्याची."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. पण ज्या माणसाला आपण रात्रीतून 'ते' केलं, त्याच्या आयुष्यातून एका बाईला खोडून काढायचा हक्क त्या 'ते'मुळे मिळत नाही. तीही कुठंतरी ही बातमी बघत असणार. मी ओळी ठेवल्या. विशेषण एकही लावलं नाही. सकाळी फोन आले, दोघांनी शिव्या घातल्या. आजही मी त्या ओळी ठेवीन.

सकाळी घरी गेलो, चार तास झोपलो आणि २८ च्या अंकाच्या पानासाठी परत आलो. कलाविभागाने पान छान लावलं होतं: मध्यभागी कोबीचा पूर्ण उंचीचा कटआउट, बाजूला ८१, ६०, ३३,६४३ असे मोठ्ठे आकडे. नऊ नावांची चौकट बसत नव्हती. मी ८१ छोटा करायला सांगितला.

नावं मी स्वतः टाइप केली, उच्चार पुन्हापुन्हा ऐकून. मुलींचा बास्केटबॉल सामना होता थाउजंड ओक्सला, कोबीच्याच अकादमीत, आणि तो त्यांचा प्रशिक्षक. कोबी ब्रायंट, जियाना ब्रायंट. जॉन आल्टोबेली, कॉलेजच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक; पत्नी केरी; मुलगी अलिसा, जियानाच्या संघातली. सारा चेस्टर आणि मुलगी पेटन, तीही त्याच संघातली. ख्रिस्टिना माउझर, संघाच्या सहायक प्रशिक्षक. पोरगा शेजारी बसून स्पेलिंग तपासत होता. त्याने मुलींच्या नावांपुढं कंसात 'खेळाडू' असं लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग शेवटचं नाव टाकलं, आरा झोबायान, वैमानिक, आणि पान सोडलं.