तुम्ही विचारलंत म्हणून : सादिकी बेग तुर्क की इराणी?

फारसी चित्रकलेवर कुठेही बोलण्याचा प्रसंग आला आणि बोलता बोलता सादिकी बेगचे नाव निघाले, की व्याख्यान संपल्यावर कोणीतरी जवळ येऊन हमखास विचारते, “हा माणूस नेमका कोण, तुर्क की इराणी?” लढवय्या सरदारांच्या कुळातला माणूस चित्रे काढत कसा बसला, असेही काहीजण विचारतात. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

सादिकीचा जन्म १५३३ साली तब्रिझमध्ये झाला. घराणे खुदाबंदलू या तुर्कमान टोळीतले; त्याचे पूर्वज शाम प्रांतातून, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूने, इराणात सफवी राजघराण्याची सत्ता स्थापणाऱ्या शाह इस्माईलच्या सेवेसाठी इराणात आले होते. सफवी राज्य उभे राहिले तेच मुळी अशा टोळ्यांच्या बळावर. शामलू, उस्ताजलू, रूमलू, अफशार, काजार अशी त्यांची नावे होती आणि बारा इमामांच्या स्मरणार्थ ते बारा चुण्यांची तांबडी टोपी घालीत, त्यामुळे त्या सर्वांना मिळून किझिलबाश, म्हणजे लाल डोक्याचे, म्हणत. घरात, छावणीत आणि दरबारातही त्यांच्या तोंडी तुर्की असे. मुलूख जिंकणे आणि राखणे हे त्यांचे काम. त्या मुलखाचा हिशेब, पत्रव्यवहार आणि फर्माने ही कामे ताजिकांची, म्हणजे फारसी बोलणाऱ्या शहरी, शिकल्यासवरल्या घराण्यांची. तुर्काने तलवार धरावी आणि ताजिकाने लेखणी, ही वाटणी सगळेच गृहीत धरत. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण चिटणीस आणि फडणीस या शब्दांतला ‘नीस’ म्हणजे तोच फारसी ‘नवीस’, लिहिणारा. आणि आपला ‘सरदार’ही तिथूनच आलेला आहे.

सादिकीने तिशी उलटल्यावर ही वाटणी आपल्यापुरती मोडली. चित्रकलेच्या तंत्रावर त्याने फारसी पद्यात ‘कानून-उस-सुवर’ नावाचा छोटा ग्रंथ लिहिला असून वाडवडिलांची दरबारी चाकरी सोडून मन या कलेकडे कसे ओढले गेले, हे त्यात तो स्वतःच सांगतो. थोर चित्रकार बेहजादच्या परंपरेतला गुरू त्याला हवा होता. कझवीनमध्ये मुजफ्फर अली हा उस्ताद त्याला भेटला आणि ज्या वयात टोळीतले बरोबरीचे लोक जहागिरींसाठी झगडत होते, त्या वयात हा नवशिक्यासारखा त्याच्यापाशी जाऊन बसला.

मला या ग्रंथातला सर्वांत प्रिय भाग म्हणजे कुंचला बांधण्याचा. फारसी चित्रकाराचा कुंचला बाजारातून तयार येत नसे. खारीच्या शेपटीचे केस घ्यायचे, त्यांतले सारख्या लांबीचे निवडायचे, टोके जुळवून दोऱ्याने घट्ट बांधायचे आणि पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ नळीतून ती जुडी अशी ओढून घ्यायची की एकही केस वाकडा राहता कामा नये. पापणीचा एकेक केस रेखाटणारी रेषा अशा कुंचल्यातून उतरते. सौंदर्याविषयी मोठमोठी विधाने करण्याची पात्रता असलेला हा माणूस शिष्याला कुंचला कसा बांधावा, रंग कसा सिद्ध करावा, रोगण कसे करावे हे धीराने सांगतो. ते वाचताना त्याच्या कुळाचा प्रश्न माझ्या मनात मागे पडतो आणि समोर एक कसबी माणूस दिसू लागतो.

मात्र कुळ त्याला सोडून गेले नव्हते. १५७६ मध्ये सफवी बादशहा शाह तहमास्प वारला. त्याच्यामागून गादीवर आलेल्या दुसऱ्या इस्माईलच्या किताबखान्यात, म्हणजे पोथ्या तयार करणाऱ्या शाही कारखान्यात, सादिकीने काम केले, पण ती राजवट दीड वर्षही टिकली नाही. नंतरची दहा वर्षे किझिलबाश सरदार आपसांत लढत राहिले. चित्रकारांना विचारणारे कोणी उरले नाही. या काळातला सादिकी आपल्याला दिसतो तो इस्कंदर बेग मुन्शी या इतिहासकारामुळे. दिवस फिरल्यावर सादिकीने कलंदराचा, म्हणजे फिरत्या फकिराचा, वेष घेतला. हमदानचा सुभेदार अमीर खान मोसुल्लू याला ही गोष्ट कळली, तेव्हा त्याने त्याची फकिरी उतरवून त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले. पुढे तो अफशार सरदारांबरोबर अस्तराबादच्या लढाईत उतरला आणि तिथे त्याने वेडे साहस म्हणावे इतका पराक्रम गाजवला. एवढ्या धामधुमीतही चित्रांचा सराव त्याने सुटू दिला नाही, हे इस्कंदर बेग आवर्जून नोंदवतो. किझिलबाशांसारखी शौर्याची मिजास त्याच्या अंगी होती, असाही शेरा तो मारतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हा शेरा मारणारा मुन्शी स्वतः तुर्कमान होता आणि त्यानेही आयुष्य काढले ते लेखणीवरच.

शाह अब्बास गादीवर आल्यावर सादिकीला शाही किताबखान्याचा प्रमुख, किताबदार, नेमण्यात आले. किताबखाना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे येतात, पण हा खरे तर कारखाना होता. कागद घोटणारे, सुंदर अक्षर काढणारे, समास आखणारे, सोन्याचे काम करणारे, चित्रकार आणि जिल्दसाज, म्हणजे पुस्तके बांधणारे, अशा सर्वांचे हात लागून एकेक पोथी तयार होई आणि त्या सगळ्यांवर या सरदाराच्या मुलाची नजर असे. किताबदार ही उपाधी त्याने नावापुढे अभिमानाने लावली.

१५९३ साली पूर्ण झालेली एक पोथी मात्र त्याने शाहासाठी केली नाही, ती स्वतःसाठी करवून घेतली. ही ‘अन्वार-इ-सुहैली’ची प्रत असून तिच्यात १०७ चित्रे आहेत आणि ती आज टोरांटोच्या आगा खान संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुस्तकाचे नाव अनोळखी वाटेल, पण त्यातल्या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर ऐकलेल्या आहेत, कारण ते पंचतंत्रच आहे. सहाव्या शतकात इराणचा राजा नौशेरवान याच्या काळी बुर्झोयने ते पहलवीत, म्हणजे त्या काळच्या इराणी भाषेत, नेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत आणले, बाराव्या शतकात नसरुल्लाह मुन्शीने फारसीत केले आणि पुढे हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने त्याला हे नवे रूप दिले. करटक आणि दमनक हे कोल्हे वाटेत कलीला आणि दिम्ना झाले. माकडाचे काळीज मागणारी आपली मगर त्या प्रवासात कासव झाली. तुर्कमान कुळातल्या चित्रकाराला पदरचे पैसे खर्चून कोणते पुस्तक करावेसे वाटले, तर फारसी भाषेतले आणि भारतातून आलेले, ही गोष्ट प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी सांगतो.

आणि लगेच दुसरी बाजूही सांगतो. आपल्या काळातल्या तीनशेंहून अधिक कवींची चरित्रे त्याने ‘मजमा-उल-खवास’ या ग्रंथात गोळा केली, ती मात्र फारसीत लिहिली नाहीत. हेरातच्या अलीशेर नवाईने ज्या चगताई तुर्कीला साहित्याची प्रतिष्ठा मिळवून दिली होती, ती भाषा त्याने मुद्दाम निवडली. कविता तो फारसीत करी आणि तुर्कीतही, तीही तुर्कीच्या एकाहून अधिक बोलींत. तेव्हा माझे उत्तर असे आहे : जन्माने, भाषेने आणि रणातल्या वागण्याने तो तुर्क होता, हे त्याने कधी लपवले नाही, आणि ज्या कलेसाठी तो जगला ती इराणच्या दरबाराची, फारसी पुस्तकाची कला होती. त्याच्या काळच्या लोकांनी त्याला तुर्क म्हणूनच ओळखले आणि तरीही फारसी किताबखाना त्याच्या हाती सोपवला. ‘की’ घालून एक बाजू निवडायला आपण त्याला लावतो. त्याला तशी निवड करावी लागली असल्याची खूण त्याच्या लिखाणात मला कुठे सापडलेली नाही.

त्याचा स्वभाव कठीण होता, हे मान्यच करायला हवे. इस्कंदर बेग त्याला संशयी आणि हेकट ठरवतो, मित्रांशीही तो धड वागत नसे म्हणतो. त्यातूनच शाहाची मर्जी गेली आणि १५९८ मध्ये अलीरझा अब्बासी हा सुलेखनकार किताबखान्याचा प्रमुख झाला. सादिकीची उपाधी आणि वेतन मात्र मरेपर्यंत चालू राहिले; १६१० च्या सुमारास तो वारला. टोळीवाल्यांचे वजन उतरवण्यासाठी शाह अब्बास त्या वर्षांत जॉर्जियन आणि चेर्केस गुलामांना वर आणत होता. सादिकी मात्र पडला तो आपल्या जिभेमुळे, असे मला वाटते.

परंतु त्याच जिभेची एक हकिगत सतराव्या शतकातल्या नसराबादीने आपल्या कवीचरित्रांत जपून ठेवली आहे. एका कवीने सादिकीच्या स्तुतीचा कसीदा रचला आणि कहवाखान्यात त्याच्यासमोर म्हणायला सुरुवात केली. कसीदा पुरा होण्याआधीच सादिकीने तो कागद त्याच्या हातून घेतला, याहून अधिक ऐकण्याचा धीर आपल्याला नाही असे सांगितले आणि तो उठून गेला. थोड्या वेळाने परतला तेव्हा फडक्यात बांधलेले पाच तुमान (हे तिथले चलन) आणि काळ्या रेषेत काढलेली दोन चित्रे त्याने कवीच्या हाती ठेवली. व्यापारी आपले एकेक पान तीन तुमानांना घेतात आणि हिंदुस्थानात नेतात, तेव्हा ही स्वस्तात विकू नकोस, असे त्याने बजावले, देणे कमी पडले म्हणून माफी मागितली आणि तो निघून गेला.