डॉसच्या प्रिंट स्पूलरची ०.७ आवृत्ती: टायमरचं ओझं उतरवलं

०.७ तयार आहे. वापरताना नवं काही दिसणार नाही. पडद्यावर तीच एक ओळ येते आणि स्विचही तेच आहेत. बदल झालाय तो कुठलं काम कोणत्या क्षणी करायचं यात, आणि स्पूलरचं सगळं दुखणं तिथेच असतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: डॉस या जुन्या पीसी प्रणालीत प्रोग्रामला छापायचं असतं तेव्हा तो इंटरप्ट (चालू काम थांबवून मारलेली हाक) १७ हेक्समार्फत (हेक्स म्हणजे सोळाच्या पायाचा आकडा) एकेक बाइट बायोसला, म्हणजे मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरला, देतो. प्रिंटर बिझी असेल तर बायोस तिथेच ताटकळतो, आणि त्याच्याबरोबर आपणही. आपला टीएसआर (मेमरीत कायम बसून राहणारा छोटा प्रोग्राम) मध्ये उभा राहून तो बाइट एक्सएमएसमधल्या (१ मेगाबाइटच्या वरच्या मेमरीतल्या) रांगेत टाकतो, प्रोग्रामला मोकळं करतो आणि सेकंदाला साधारण १८.२ वेळा येणाऱ्या टायमरच्या ठोक्यावर रांगेतला माल पोर्टवर सोडत राहतो.

एक्सएमएसच कशाला, असं पुन्हा विचारलं गेलं म्हणून हिशेब मांडतो. ८० अक्षरांच्या ६६ ओळी म्हणजे पानाला ५,२८० बाइट. एवढ्यासाठी नेहमीची मेमरीही पुरेल. पण तेच पान ९ पिनी प्रिंटरवर चित्र म्हणून काढा. रुंदीत इंचाला १२० ठिपके धरले तर ८ इंचाला एका फेरीचे ९६० बाइट. उभ्यात इंचाला ७२ ठिपके आणि एका फेरीत ८, म्हणजे ११ इंचाला ९९ फेऱ्या. एकूण ९५,०४० बाइट, प्रिंटरला हुकूम देणारे एस्केप कोड वेगळेच. अशी तीन पानं रांगेत लावली की ६४० किलोबाइटमधला जवळजवळ निम्मा भाग गेला.

आता मुख्य बदल. ०.६ पर्यंत टायमरचा ठोका आला की स्पूलर तिथल्या तिथे एक्सएमएस ड्रायव्हरला हाक मारून पुढचा तुकडा खाली आणायचा. एम्युलेटरवर हे बिनबोभाट चालतं. खऱ्या मशीनवर डिस्क कॅश (डिस्कवरचा मजकूर त्याच एक्सएमएसमध्ये धरून ठेवणारा प्रोग्राम) चालू असेल तर गोष्ट वेगळी. मोठी हलवाहलव चालू असताना ड्रायव्हर मधूनमधून इंटरप्टना वाट देतो, आणि नेमका तेव्हाच ठोका पडला तर अर्ध्यावर असलेल्या ड्रायव्हरमध्ये आपण दुसऱ्यांदा शिरतो. प्रत्येक ड्रायव्हर हे निभावून नेईल याची हमी नाही. छपाई बिघडली तर कागद वाया जातो, कॅश बिघडली तर डिस्क.

म्हणून ०.७ मध्ये टायमर एक्सएमएसला हातच लावत नाही. खालच्या मेमरीत १ किलोबाइटचे दोन डबे आहेत. ठोक्यावर एक रिकामा होत असतो, तोवर दुसरा भरून घ्यायचा. भरायचं काम इंटरप्ट २८ (डॉस प्रॉम्प्टवर नुसता बसलेला असताना सतत येणारा), इंटरप्ट १६ (कीबोर्डची विचारणा) आणि खुद्द इंटरप्ट १७ या तीन ठिकाणी होतं. तिन्ही वेळी कॅशचं काम अर्धवट अडकलेलं नसतं. याची किंमतही आहे: एखादा प्रोग्राम बायोसला न विचारता कीबोर्ड थेट वाचत असेल किंवा बराच वेळ गणितात गुंतला असेल, तर दोन्ही डबे संपतात आणि प्रिंटर थांबतो. बहुतेक गेम याच वर्गात येतात. मला हा सौदा मान्य आहे.

एक्सएमएस ड्रायव्हरच्या ०बी फंक्शनला (मेमरीतला तुकडा हलवणाऱ्या) लांबी सम लागते, हे विसरू नका. शेवटचा तुकडा विषम असला की एक फालतू बाइट जोडून पाठवतो आणि मोजणीत तो धरत नाही.

८०२८६ वाल्यांनी तुकड्याचा आकार ५१२ बाइटवरच ठेवावा. वरच्या मेमरीपर्यंत पोचायला प्रोटेक्टेड मोडमध्ये जावं लागतं, आणि हा प्रोसेसर तिथून सरळ मार्गाने परत येत नाही. बायोसच्या पद्धतीत त्याला रीसेटच करावं लागतं, आणि तेवढा वेळ इंटरप्ट बंद राहतात. ९६०० बॉडला जवळपास दर मिलिसेकंदाला एक बाइट येतो आणि सीरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपमध्ये एकाच बाइटला जागा असते. तुकडा मोठा केला की मोडेमची अक्षरं गळायला लागतात. ३८६ आणि पुढच्यांना याची फिकीर नाही.

ठोक्यामागे सोडायच्या बाइटांची मर्यादा १६ वरून ६४ केली. १६ ने सेकंदाला २९१ बाइट जायचे, म्हणजे वरच्या चित्राच्या पानाला साडेपाच मिनिटांच्या आसपास. ६४ ने तेच दीड मिनिटाच्या आत बसतं आणि मग अडसर उरतो तो प्रिंटरच्या डोक्याचा. प्रिंटर बिझी दिसला की उरलेला कोटा सोडून लगेच बाहेर पडतो, त्यामुळे ६ मेगाहर्ट्झच्या ८०२८६ वरही टायपिंग अडखळत नाही.

आयआरक्यू ७ वर (प्रिंटर पोर्टच्या इंटरप्टच्या रेषेवर) छपाई का नाही, हा प्रश्न काही सुटत नाही. उत्तर तेच: सुरुवातीच्या साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डाची मूळ सेटिंगही ७ होती, आणि रेषेवर खोटा संकेत आला की ८२५९ ही इंटरप्ट सांभाळणारी चिप तो ७ म्हणूनच पुढे ढकलते. तो खरा की खोटा हे इन-सर्व्हिस रजिस्टर वाचून कळतं, पण एवढा खटाटोप करून मिळणार काय? पोलिंग, म्हणजे ठोक्यागणिक प्रिंटरला विचारणं, तेच राहणार.

स्टेटस विचारणाऱ्या प्रोग्रामला रांगेत जागा असेपर्यंत ९० हेक्सच मिळतं, म्हणजे प्रिंटर निवडलेला आणि मोकळा. प्रिंटर बंद असला तरी! रांग भरली की मात्र पोर्टवरची खरी स्थिती जाते, कागद संपल्याच्या बिटसकट. काहींना हे खोटं बोलणं खटकतं, पण स्पूलरचा धंदाच तो.

ग्राफिकची फाइल कॉपी कमांडने पाठवणाऱ्यांनी /बी लावायलाच हवं. नाहीतर १ए हेक्सचा पहिला बाइट दिसला की कॉपी फाइल संपली असं समजतं, आणि अर्ध्या चित्राची तक्रार माझ्याकडे येते.

मेमरीतून काढून टाकण्याचं काम आता राल्फ ब्राउन यांच्या एएमआयएस पद्धतीने (टीएसआरनी एकमेकांशी जुळवून घेण्याच्या संकेताने) होतं. नंतर चढलेला टीएसआरही तीच पाळत असेल तर एकाच इंटरप्टवर बसलेल्यांच्या साखळीच्या मधूनही स्पूलर निघतो. पाळत नसेल तर आधी तो उतरवा.

बायोसला वगळून थेट ३७८ हेक्सवर (प्रिंटर पोर्टच्या पत्त्यावर) लिहिणारे प्रोग्राम अजून स्पूलरच्या हाती सापडत नाहीत. ३८६ वर व्हर्च्युअल मोडमध्ये पोर्ट अडवता येतं, पण त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागेल आणि ८०२८६ ला त्याचा उपयोग शून्य. ०.८ मध्ये आधी एलपीटी २ (दुसऱ्या प्रिंटर पोर्ट) साठी वेगळी रांग.