बॅटमॅन आयएनटीजे की आयएसटीजे? पाठ मोडते तो अंक उघडा

बॅटमॅन कमी बोलतो, रात्री फिरतो, काळं घालतो, म्हणून आयएनटीजे, म्हणजे एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व-चाचणीतल्या चार अक्षरी टाइपांपैकी एक. रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोन कॉमिकवेडे बसले की पाच मिनिटांत हा निकाल लागतो. निकाल बरोबर असेलही, पण दिलेलं कारण बाद आहे. कपडे आणि मूड बघून टाइप सांगणं म्हणजे लंगोटाचा रंग बघून पैलवानाचा डाव सांगणं.

चार अक्षरं ही नुसती पाटी: आय म्हणजे अंतर्मुख, एन म्हणजे अंतःप्रज्ञा आणि त्याच जागी एस म्हणजे संवेदना, टी म्हणजे विचार आणि त्याच जागी एफ म्हणजे भावना. खरा माल आहे तो फंक्शन्सचा, म्हणजे मनाच्या काम करण्याच्या पद्धतींचा. मानसशास्त्रज्ञ युंगनं १९२१ मध्ये चार मांडली: विचार, भावना, संवेदना (समोरचं इंद्रियांनी टिपणं) आणि अंतःप्रज्ञा (पुढचं आतून उमगणं). प्रत्येकाचं तोंड आत तरी असतं नाहीतर बाहेर, म्हणून एकूण आठ. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बेतली आणि शेवटचं जे किंवा पी हे अक्षर जोडलं. बहुतेकांची गाडी इथंच घसरते. जे म्हणजे टापटीप आणि पी म्हणजे गबाळा, असा त्याचा अर्थ नाही. जे असेल तर माणूस जगाशी व्यवहार विचारानं किंवा भावनेनं करतो, पी असेल तर संवेदनेनं किंवा अंतःप्रज्ञेनं. आता अंतर्मुख माणूस आपली मुख्य गोष्ट बाहेर दाखवत नाही, बाहेर दिसते ती दुसऱ्या नंबरची. म्हणून आयएनटीजेच्या डोक्यात पहिल्या नंबरला अंतर्मुख अंतःप्रज्ञा असते आणि जगाला दिसतो तो बहिर्मुख विचार. आयएनटीपीचा पहिला नंबर अंतर्मुख विचाराचा. एका अक्षराचा फरक, पण दोघांच्या पहिल्या चार फंक्शन्समध्ये एकही सामाईक नाही. ‘जवळजवळ आयएनटीजेच आहे’ असं कोण म्हणालं तर हा हिशेब पुढं ठेवा.

हे समजायला खासबागेतली कुस्ती आठवली तरी पुरे. गड्याचा एक हुकमी डाव असतो, समजा ढाक. ती बसली नाही तर हाताशी दुसरा डाव असतो. तिसरा येतो, पण भरवशाचा नाही. आणि एक बाजू कच्ची असते, समोरचा वस्ताद नेमकी तीच हुडकत असतो. टाइपचं तसंच आहे. हुकमी फंक्शन सगळ्यांना दिसतं, त्यामुळं त्यावर वाद घालून हाती फार लागत नाही. कच्ची बाजू सापडली की टाइप ठरला, कारण ती हुकमी फंक्शनच्या बरोबर उलट असते.

कामाची रीत सांगतो. आधी लेखक ठरवा. बॅटमॅन १९३९ पासून छापला जातोय. बिल फिंगर आणि बॉब केनपासून इतक्या हातांतून गेलाय, की ‘बॅटमॅनचा टाइप काय’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाचा बॅटमॅन, कुठल्या कथेतला, हे आधी लिहा. मग त्या कथेतल्या दहा-बारा चौकटी निवडा, फक्त निर्णयाच्या. हाणामारी सोडा, निवेदकानं केलेलं वर्णनही सोडा. कागदावर तीन रकाने पाडा: आधी काय बघितलं, कशाच्या जोरावर ठरवलं, आणि कशाकडं काणाडोळा केला. पहिले दोन रकाने कुणीही भरतं. तिसरा भरताना घाई नको, कच्ची बाजू तिथंच बसलेली असते.

आता बॅटमॅनच घ्या. आयएसटीजे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. १९७६ च्या एका कथेत, डेनी ओ’नीलच्या, तो आईवडिलांच्या मृत्यूच्या दिवशी दरवर्षीप्रमाणे त्याच गल्लीत जातो. जुनं जपणं, तीच जागा, तोच दिवस, ही अंतर्मुख संवेदनेची खूण म्हणता येते. उलट मार्क वेडच्या २००० सालच्या कथेत त्यानं आपल्याच साथीदारांना कसं निष्प्रभ करायचं याच्या फायली करून ठेवलेल्या असतात आणि त्या शत्रूच्या हाती पडतात. ही दूरदृष्टी आहे की ‘काहीही होऊ शकतं’ हा आयएसटीजेचा कच्च्या बाजूचा धसका? दोन्ही अर्थ लागतात. त्यामुळं या दोन कथांवर कितीही चहा झाला तरी वाद मिटत नाही.

तो मिटतो १९९३ च्या कथेत. तिथला खलनायक बेन थेट अंगावर येत नाही. आधी तो अर्कम या वेड्यांच्या इस्पितळातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो. बॅटमॅन एकामागून एक पकडत सुटतो, झोप नाही, विश्रांती नाही. जवळची माणसं थांब म्हणतात, तो थांबत नाही. शेवटी घरी येतो तर बेन तिथं वाट बघत उभा. बॅटमॅनच्या ४९७ व्या अंकात तो त्याला गुडघ्यावर घेऊन पाठ मोडतो. तिसऱ्या रकान्यात लिहा: शरीर. ज्याचा हुकमी डाव अंतर्मुख संवेदना, त्याला अंगातला शीण सगळ्यात आधी कळायला हवा. इथं डोळ्यांपुढं फक्त शेवट आहे, सगळे पकडून संपवायचे, आणि हाताशी असलेल्या देहाचा हिशेबच नाही. कच्ची बाजू बहिर्मुख संवेदना, म्हणजे आयएनटीजे. इतका कसलेला माणूस संवेदनेत कच्चा कसा, असं कुणी विचारेल. कच्ची बाजू म्हणजे जमत नाही असं नव्हे, भावा. ताण आला की हातातून सुटते ती कच्ची बाजू.

शक्तीला टाइप समजण्याची चूक तर सर्रास होते. स्पायडरमॅनला धोका आधी जाणवतो म्हणून त्याची अंतःप्रज्ञा जबरदस्त, असं म्हणतात. ती अंगातली घंटा आहे, कोळी चावल्यामुळं आलेली, विचार करायची पद्धत नव्हे. लढताना विनोद करतो म्हणून बहिर्मुख, हेही तसंच. मुखवटा काढल्यावर पीटर, म्हणजे आतला खरा माणूस, किती बोलतो ते बघा. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोच्या १९६२ च्या पहिल्या कथेत तो पळणाऱ्या चोराला अडवत नाही, माझा काय संबंध म्हणतो, आणि तोच चोर पीटरच्या काकांना मारतो. माणसांशी असलेलं नातं हीच तिथं सुटलेली बाजू आहे, म्हणून त्या काळातला पीटर मला आयएनटीपी वाटतो. पुढच्या लेखकांच्या पीटरची हमी मी देत नाही.

हल्कला ‘राग म्हणजे भावना’ म्हणून एफ देणाऱ्यांनी १९६२ चा पहिला अंक काढून बघावा. त्यात ब्रूस बॅनर, म्हणजे ज्याचा हल्क होतो तो माणूस, रागानं नाही, रात्र झाली की बदलतो, आणि हल्क हिरवा नाही, करडा आहे. शिवाय एफ म्हणजे भावनांचा उमाळा नव्हेच. काय चांगलं, काय वाईट हे मोल ठरवून निर्णय घेणं म्हणजे एफ. हल्कला वेगळा टाइप देण्यात अर्थ नाही, बॅनरचीच दाबलेली बाजू वर आली असं धरून वाचा.

वंडर वूमनला मात्र ही फूटपट्टीच लावू नये असं माझं मत. १९४१ मध्ये तिला घडवणारा विल्यम मोल्टन मार्स्टन स्वतः मानसशास्त्रज्ञ होता, चार्ल्स मोल्टन या नावानं लिहायचा. त्यानं १९२८ च्या पुस्तकात वर्तनाचे चार प्रकार मांडले होते: वर्चस्व, मन वळवणं, स्वेच्छेनं स्वाधीन होणं आणि जुळवून घेणं. आज कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये डिस्क नावाची चाचणी असते तिचं मूळ हेच, चाचणी पुढं इतरांनी बेतली. म्हणून तिला याच चार प्रकारांनी वाचा. वंडर वूमनच्या सुरुवातीच्या कथा वाचताना तिची दोरी बघा. तेव्हा ती नुसतं खरं बोलायला लावत नव्हती, बांधलेल्या माणसाला हुकूम ऐकायला लावायची. आणि त्याच दोरीत ती स्वतः अडकली तर तिलाही ऐकावं लागायचं.