पाणीवाल्यांनी पाहावं असं पुणे

जानेवारीत पुण्याला पाणीपुरवठ्यावरची परिषद झाली आणि आमच्या विभागातून मला पाठवण्यात आलं. पुढच्या खेपेला नगरपालिकांमधून, राज्याच्या जीवन प्राधिकरणातून जे कोणी जातील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. परिषदेतली सादरीकरणं नंतर पीडीएफमध्ये मिळतात. सभागृहाबाहेरचं पुणे मात्र पायी फिरूनच बघावं लागतं, आणि पाण्याचं काम करणाऱ्याला तिथे बघण्यासारखं इतकं आहे की नुसती शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग अशी यादी उरकून परतलात तर मला खरंच वाईट वाटेल.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आमचं शहर. त्यामुळे टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी चार धरणं उशाशी असलेल्या गावात पाऊल ठेवताना थोडा हेवा वाटतो. तो काही लपवत नाही.

आमची रेल्वे पुणे स्टेशनला पहाटे सोडते. मेट्रो सहाला सुरू होते, तोवर प्रतीक्षालयात बसावं, अंधारात रिक्षाशी घासाघीस करू नये. स्टेशनवरून डेक्कन जिमखान्याला मेट्रो थेट जाते. परिषद शिवाजीनगरला होती, तरी मी मुक्काम मुद्दाम डेक्कनला केला आणि तोच सल्ला तुम्हाला देईन. इथून मुठा नदी हाकेच्या अंतरावर, पेठा चालत जाण्याजोग्या, संध्याकाळी उशिरापर्यंत रस्त्यांवर माणसांची जाग, आणि बाईमाणसाला एकटीने जेवून परत यायला कसलीही अडचण नाही. सकाळी शिवाजीनगरला जाताना जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते. वरच्या फलाटावरून तुम्ही जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल उतरता, आणि तिथेही वरच्या छतातून ऊन खाली येतं. स्थापत्यवाल्यांनी पाच मिनिटं थांबून हे बघावं. स्वारगेटकडे जाणारा पुढचा बोगदा मुठेच्या पात्राखालून गेला आहे.

परिषदेबद्दल थोडक्यात. गळती, मीटर, हिशोबात न येणारं पाणी, माणशी रोज १३५ लिटरचा निकष, हे सगळं झालं आणि चांगलं झालं. जास्त शिकायला मिळालं ते चहाच्या वेळी. कोकणातल्या एका छोट्या नगरपालिकेचे अभियंते सांगत होते, "मॅडम, आमच्याकडे जुन्या लाइनचा नकाशाच नाही. तो चावीवाल्याच्या डोक्यात आहे, आणि तो पुढच्या वर्षी रिटायर होतोय." आमच्याकडे वेगळं काय आहे? पण त्या सभागृहात एकही चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन, नव्हता. नोंदणीच्या अर्जात पद विचारतात, शिक्षणाची अट घालत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी दोन अभियंत्यांऐवजी एक अभियंता आणि एक व्हॉल्व्हमन पाठवावा, असं मी आमच्या साहेबांना लेखी कळवलं आहे. तुम्हीही कळवा. व्यासपीठावरून ज्या गळतीवर चर्चा चालते, ती रात्री अडीच वाजता कान लावून शोधणारा माणूस श्रोत्यांत तरी असायला हवा.

आता वाटेकडे वळते. दुपारचं एक सत्र सोडायची मुभा मिळत असेल तर कात्रज गाठा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला इथे तलाव बांधले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर दगड-चुन्याचा भुयारी नळ आणला. ना पंप, ना वीज, सगळा खेळ उताराचा. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्या तलावात उतरायचं, म्हणजे आपण आज ज्याला सेटलिंग टँक म्हणतो तेच. नळात माणूस शिरून साफसफाई करू शकेल एवढी उंची, आणि हवा खेळावी म्हणून वाटेत उभे उच्छ्वास. तलावाचा परिसर आज कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला लागून आहे. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेव्हा वार बघून जा. स्वारगेटहून कात्रजच्या बस सारख्या सुटतात.

तलाव बघितला की उलट, म्हणजे पाणी ज्या दिशेने वाहत होतं त्या दिशेने, शहरात या. पेठांमध्ये हौद होते: काळा हौद, फडके हौद, सदाशिव पेठेचा हौद. आज यातली बरीचशी नावं चौकांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. रिक्षावाल्याला "फडके हौद" म्हटलं की तो सोडतो, पण तिथे उतरून हौद कुठे होता हे विचारायला वयस्क दुकानदारच गाठावा लागतो. नळाचं शेवटचं टोक शनिवारवाड्यात आहे. तिथलं हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र विचार करा की कात्रजच्या तलावापासून इथपर्यंत पाण्याचा दाब किती शिल्लक राहिला असेल. मी कागदावर आकडेमोड करत पायरीवर बसले होते आणि वेळेचं भान राहिलं नाही.

मंडई स्थानकापासून पंधरा-वीस मिनिटं चाललात की गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा लागतो. हे ठिकाण कुठल्याही कारणाने गाळू नका. जोतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शहरात पेशवाईतले हौद होते, इंग्रजांची नळयोजना येऊ घातली होती, पाणी होतं. ते कोणाच्या घागरीत पडणार हा प्रश्न कुठल्याही योजनेच्या नकाशावर नव्हता. तो एका घरमालकाने स्वतःच्या अंगणात सोडवला, आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. वाडा लहान आहे, शांत आहे, अंगणात जोतिरावांची समाधी आहे. मी गेले तेव्हा एका शाळेची सहल आली होती. बाई मुलांना सांगत होत्या आणि एका मुलाने विचारलं, "मग बाकीचे लोक त्या आधी पाणी कुठून आणायचे?" बाईंनी त्याला उत्तर दिलं, पण तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला. आमच्या शहराच्या टोकाच्या वस्त्यांत टँकर कधी येतो, कोणाच्या दारापर्यंत येतो आणि कोणाच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबतो, हे मला माहीत आहे. योजनेचा अहवाल लिहिताना ही माहिती परिशिष्टात जाते. ती पहिल्या पानावर असली पाहिजे, हे माझं मत त्या अंगणात पक्कं झालं.

संध्याकाळी लकडी पुलावर या. आता संभाजी पूल म्हणतात, पण जुने लोक लकडी पूलच म्हणतात. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. बांधकाम पुरतं व्हायच्या आधीच पावसाचं पाणी त्यात साठलं होतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण काही तास तगवलं, म्हणून लोंढा दिवसाउजेडी आला आणि पुष्कळ जीव वाचले. खालचं खडकवासला धरणही त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही. पाणी या पुलावरून गेलं आणि नदीकाठच्या पेठांमधली घरं बसली. पुण्यातली जुनी माणसं अजूनही "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतनंतर" असा काळ मोजतात. पुलाच्या कठड्याशी उभं राहून खाली बघा. जानेवारीत मुठेचं पात्र एवढंसं दिसतं की विश्वास बसत नाही. पावसाळ्यात गेलात तर जवळचा भिडे पूल बघा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो, आणि त्या दिवशी पुणेकर "किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडलं?" हे क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना विचारतात. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं. धरणाखाली राहणाऱ्या शहरात सूचना वेळेवर पोचणं हेही पाणीपुरवठा खात्याच्या जबाबदारीचंच काम आहे, असं मी मानते. परिषदेत त्यावर एखादं सत्र असायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी खडकवासल्याला स्थळभेट होती. धरणालगतच केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र आहे, १९१६ पासूनचं. धरणांच्या सांडव्यांच्या (जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या भागांच्या), बंदरांच्या, नद्यांच्या छोट्या प्रतिकृती मोठ्या शेडमध्ये बांधलेल्या असतात आणि त्यांतून खरं पाणी सोडून पाहतात. संगणकावर पाहिलेला प्रवाह आणि गुडघ्याएवढ्या सांडव्यावरून धावणारं पाणी यांत समजण्याचा फरक पडतो. आमच्यातले तिशीतले अभियंते तिथून हलायला तयार नव्हते. परिषदेकडून भेट ठरलेली नसेल तर कार्यालयाच्या पत्रावर आधी परवानगी घ्यावी लागेल. धरण बाहेरून बघायचं असेल तर स्वारगेटहून सिंहगड पायथ्याकडे जाणारी पीएमपी बस तिथूनच जाते. धरणाच्या चौपाटीवर भजी आणि मक्याची कणसं मिळतात. रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, परतीच्या वाहतुकीत अडकून गाडी चुकेल.

खाण्याचं फार लांबवत नाही. नारायण पेठेतली मिसळ सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. टिळक रस्त्यावर थाळीच्या खानावळी आहेत, तिथे दुपारी रांग लागते, पण जेवण घरच्यासारखं असतं. कॅम्पातल्या बेकरीची श्रूजबरी बिस्किटं न्यायची असतील तर सकाळीच जा, दुपारी दुकान बंद असतं.

बूट चालायचे घाला, कारण पेठांमधले पदपथ जागोजागी तुटलेले आहेत. जानेवारीत पहाटे आणि रात्री स्वेटर लागतो, दुपारी नको होतो. मेट्रोचं तिकीट फोनवर काढलंत तर त्याचा स्क्रीनशॉट लगेच ठेवा आणि रिक्षाचं भाडं त्याच दिवशी वहीत लिहा. प्रवासभत्त्याचं बिल लावताना आमच्या लेखा विभागाने तारीखवार तपशील मागितला, तुमचाही मागेल. स्थळभेटीचा खर्च आणि कात्रजसारख्या ठिकाणी स्वतःहून केलेला खर्च वेगळा दाखवा. पहिला मंजूर होतो, दुसरा खिशातून जातो, आणि तो फार नसतो.