कमी साखरेच्या ओट्स कुकीज
आज ओट्सच्या कुकीज केल्या, साखर नेहमीच्या निम्मी. बाकीचा गोडवा साल काळी पडलेल्या केळ्यांचा. केळं पिकत जातं तशी त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून हिरवट केळं इथे कामाचं नाही. (केळ्यातली साखरही साखरच, तेव्हा ‘शुगर फ्री’ म्हणून मिरवायचं नाही!) साखर कमी असली की कुकी ओव्हनमध्ये फारशी पसरत नाही, गोळा ठेवाल तसाच राहतो. मग काट्याने दाबून चपट्या केल्या. १८० अंशांवर साधारण १२-१५ मिनिटं, कडा तांबूस झाल्या की बाहेर. गरम असताना हातात मोडतात, गार झाल्या की धरतात. कुरकुरीत मात्र नाहीत, मऊच. मला तशाच आवडल्या. लेक म्हणते, पुढच्या वेळी चॉकलेटचे तुकडे घाल. म्हणजे वाचवलेली साखर मागच्या दाराने परत!