दहा वाजेपर्यंत निकाल नाही

संधिवात झाल्याचं कळल्यापासून मला सगळ्यात जास्त मिळालेलं औषध म्हणजे 'पॉझिटिव्ह राहा'. फुकट, बिनचिठ्ठीचं आणि दिवसातून कितीही वेळा. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, म्हणून मीही मान डोलवायचो. पण राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. 'उत्तर बरोबर आण' असं म्हणून कुठल्याही मुलाला गणित आलेलं मी पाहिलं नाही. रीत दाखवावी लागते. गेल्या काही वर्षांत माझ्यापुरती एक रीत हाती लागली, ती लिहितोय.

माझा आजार ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस. वयानुसार सांधे झिजतात तो ऑस्टिओआर्थरायटिस वेगळा. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, आणि वेळेत आवरलं नाही तर कूर्चा आणि हाडही कुरतडलं जातं. बायकांमध्ये याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. त्यामुळे तज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये बऱ्याचदा मी एकटाच पुरुष पेशंट असतो आणि शेजारच्या बाई आपुलकीने विचारतात, "मिसेस आत गेल्यात का?"

सुरुवात बोटांच्या मुळाशी झाली, मूठ वळली की जे उंचवटे वर येतात तिथे. दोन्ही हातांना एकदमच. कोणी हात मिळवला की डोळ्यांत पाणी यायचं. सकाळी तर मूठ वळायचीच नाही. शर्टाचं बटण लावताना आपण काय काय करतो, हे मला तेव्हा कळलं. चिमटीत बटणाची कड धरायची, ती काजाच्या फटीत तिरपी घुसवायची, पलीकडून दुसऱ्या हाताच्या नखाने ओढून घ्यायची आणि हे होईपर्यंत कापड ताणून धरायचं. यातली एकही गोष्ट जमेना. गळ्याजवळचं बटण मी सोडूनच दिलं होतं. बायको म्हणाली, "अहो, द्या इकडे." तिने लावून दिलं आणि मी दिवसभर घुश्शात.

निदान त्या मानाने लवकर झालं. फॅमिली डॉक्टरांनी गाउट नावाचा सांध्यांचा दुसरा आजार नाही ना, म्हणून युरिक अ‍ॅसिड बघितलं, ते नॉर्मल. सकाळचा ताठरपणा तासाभरापेक्षा जास्त टिकतो असं सांगितल्याबरोबर त्यांनी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांच्या, नावे चिठ्ठी दिली. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तातल्या आजाराच्या खुणा, ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे आकडे, सगळंच वाढलेलं निघालं. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, उलटलेल्या रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणारं औषध. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, म्हणून डॉक्टरांनी वार अक्षरात लिहिला, त्याखाली रेघ ओढली आणि माझ्याकडून तोंडी वदवून घेतला. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर निभावायला थोड्या दिवसांपुरतं स्टिरॉइड, कमी मात्रेत.

आता पॉझिटिव्हपणाची खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती माझ्या बाजूने फारशी दिमाखदार नाही. स्टिरॉइड चालू होतं तेव्हा मी कमालीचा आशावादी झालो होतो. सूज उतरली, झोपेची गरज कमी झाली, वर्गात विनोद करायला लागलो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, काय जिद्द आहे! मलाही ते पटलं. मग डॉक्टरांनी गोळी हळूहळू उतरवली आणि तिच्याबरोबर माझी जिद्दही उतरली. माणूस तोच, परिस्थिती तीच, फक्त रसायन कमी झालेलं. तेव्हापासून मनाच्या ताकदीबद्दल कोणी छाती ठोकून बोलायला लागलं की मला आधी त्याच्या गोळ्यांची यादी बघाविशी वाटते.

मेथोट्रेक्सेटचा जोर अजून धरायचा होता आणि स्टिरॉइडचा ओसरला होता, ते मधले आठवडे सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली होती: ताठरपणा किती वेळ, कुठले सांधे, थकवा किती. मी आपला आकड्यांच्या शेजारी मनात येईल ते खरडायचो. 'आता हे असंच.' 'नोकरी सोडलेली बरी.' 'खडू धरता येत नाही तर शिकवायचं कशाने?' एका रविवारी वही चाळत बसलो होतो, सवयीने वेळेच्या रकान्याकडे लक्ष गेलं. असली सगळी वाक्यं सकाळी सात ते नऊमधली होती. दुपारच्या नोंदी वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारख्या. 'नववीचे पेपर झाले.' 'मनगट बरं.' 'चालून आलो.' दुखणं दुपारीही होतंच, पण दुपारी मी नोकरी सोडत नव्हतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, तुमची सकाळ खरोखरच वाईट असते, तो मनाचा खेळ नाही." दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-6 नावाचं रसायन रात्री वाढत जातं आणि पहाटेच्या सुमाराला शिखरावर असतं. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल हे दाह कमी करणारं हार्मोन सोडून त्याला आवर घालू बघतं, पण या आजारात ते पुरं पडत नाही. शिवाय हे पदार्थ नुसत्या सांध्यांपुरते थांबत नाहीत. मेंदूवरही त्यांचा परिणाम होतो. थकवा, उदासी, कशातच मन न लागणं, हे त्या दाहाचंही देणं असू शकतं. हे ऐकून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही प्रेरणादायी भाषणाने आला नसता. म्हणजे सकाळी सात वाजता माझ्या आयुष्याबद्दल जे मत पडतं, ते देणारा परीक्षक तापात आहे.

मग नियम केला: सकाळी दहाच्या आत निकाल लावायचा नाही. नोकरी, पैसे, म्हातारपण, मुलांचं पुढे काय, हा आजार किती वाढेल, यातला एकही विषय दहाच्या आत काढायचा नाही. डोक्यात आलाच तर वहीत एका ओळीत टिपायचा आणि दुपारी चारला उघडायचा. मजा अशी की चारला तो विषय बऱ्याचदा तिथे नसतोच. जे उरतात ते खरे प्रश्न असतात, आणि त्यांच्यावर काहीतरी करता येतं. बायकोलाही हा नियम सांगून ठेवलाय. मी दात घासताना राजीनाम्याची भाषा सुरू केली की ती घड्याळाकडे बोट दाखवते.

दहापर्यंतचा वेळ मी यंत्रासारखा काढतो. उठल्यावर आधी पांघरुणातच बोटं, मनगटं, घोटे हलवायचे. मग कोमट पाण्यात हात बुडवून मूठ हळूहळू वळायची-उघडायची. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करायचे, दुखत असताना जोर न लावता. कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवलेले असतात. बटणाच्या शर्टांना मी शाळेच्या दिवशी रजा दिली आहे. आधी हे सगळं हार मानल्यासारखं वाटायचं. पण सांधे वाचवण्याचं म्हणून एक शास्त्र आहे आणि ते मोठं व्यवहारी आहे. लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्या: पिशवी बोटांत न लटकवता खांद्याला अडकवा, दार पंजाने न ढकलता खांद्याने ढकला. झाकण चिमटीत धरून पिळू नका, सपाट तळवा ठेवून फिरवा. पेन जाड घ्या. घट्ट पकडून फार वेळ राहू नका. माझ्या खडूला आता जाडजूड होल्डर आहे. सातवीतल्या एका मुलाने तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाला, "सर, हा मला बरा पडेल, माझं अक्षर सुधारेल."

थकव्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तो कोणाला दिसत नाही. सूज दाखवता येते. थकवा दाखवायला गेलं की आळस दिसतो. एका सहकाऱ्याने माझ्यासमोरच म्हटलं होतं, "यांना बरंय, दुखतंय म्हटलं की पर्यवेक्षण टळतं." त्या वेळी मी गप्प बसलो. नंतर मुख्याध्यापकांना भेटून मोजक्या शब्दांत सांगितलं: पहिला तास फळ्याचा नको, उभं राहून सलग दोन तास नकोत, त्याबदल्यात पेपर काढणं, वेळापत्रक, निकालपत्रकं माझ्याकडे द्या. दुपारी. मागणी नेमकी होती म्हणून मान्य झाली असावी. 'मला त्रास होतोय, समजून घ्या' असं म्हटलं असतं तर सहानुभूती मिळाली असती आणि पहिला तास तसाच राहिला असता.

मला पाठवल्या जाणाऱ्या गोष्टींमध्ये एक हमखास असते, चित्रकार रेन्वारची. त्याला हाच आजार होता. उतारवयात बोटं पार वाकडी झाली, चालणं बंद झालं, तरी कोणीतरी हातात ब्रश अडकवून दिला की तो चित्रं काढत राहायचा, 1919 मध्ये मरेपर्यंत. गोष्ट खरी आहे आणि माणूस थोर होता. पण ती वाचून प्रत्येक वेळी माझ्या मनात दुसरंच येतं: बिचाऱ्याला औषध नव्हतं! कॉर्टिसोन हे स्टिरॉइड या आजारात पहिल्यांदा दिलं गेलं 1948 मध्ये. डॉक्टर फिलिप हेंच यांना त्या कामाबद्दल दोन संशोधकांबरोबर 1950 चं नोबेल मिळालं. मेथोट्रेक्सेट मुळात कॅन्सरचं औषध. अमेरिकेत या आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली 1988 मध्ये. दाहाची ठरावीक रसायनं अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं त्यानंतर दहा वर्षांनी आली. मला उमेद हवी असते तेव्हा मी रेन्वारचे हात बघत नाही, या तारखा बघतो. माझी बोटं सरळ राहण्याची शक्यता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यात माझ्या स्वभावाचं काही कर्तृत्व नाही. माझा वाटा एवढाच की ठरलेल्या वारी गोळी घ्यायची, मळमळलं तरी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

सूज मधूनच उसळते, त्याला सगळे फ्लेअरच म्हणतात. पूर्वी फ्लेअर आला की मी त्याचं कारण शोधत बसायचो: काल काय केलं, कुठे चुकलं. कधी कारण सापडतं, तापाची साथ किंवा सलग जागरण. कित्येकदा काहीच सापडत नाही. आता मी चौकशी समिती नेमत नाही. फ्लेअरसाठी एक कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे, चांगल्या दिवशी लिहिलेला: कुठली गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायची, मनगटाचा पट्टा कुठल्या खणात आहे, कुणाला तास बदलायला सांगायचा, किती दिवसांत उतरलं नाही तर दवाखान्यात फोन करायचा. आणि ताप असेल किंवा एकच सांधा लाल, गरम झाला असेल तर वाट न बघता लगेच. वाईट दिवशी मला विचार करावा लागू नये एवढाच त्याचा उपयोग. शेवटची ओळ 'हा उतरतो' अशी आहे. ती मीच लिहिलेली असल्यामुळे विश्वास बसतो. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर भांडलो असतो.

दर भेटीत डॉक्टर माझे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, गुडघे. दुखणारे किती, सुजलेले किती, त्यात ईएसआर आणि चौथी गोष्ट म्हणजे माझं स्वतःचं मत. शंभर मिलिमीटरची एक आडवी रेघ असते, तिच्यावर मी कसा आहे ते खूण करून दाखवायचं. हे सगळं एका सूत्रात घालून डीएएस-28 नावाचा आकडा निघतो, 2.6 च्या खाली आला तर आजार शांत आहे असं धरतात. गणितवाला म्हणून मला या सूत्राचं फार कौतुक आहे, कारण त्यात पेशंटच्या मताला अधिकृत वजन आहे. एक तक्रार आहे: पावलांचे सांधे त्या अठ्ठावीसात नाहीत, आणि माझे हल्ली नेमके तेच कुरकुरतात. डॉक्टर मात्र बूट काढायला लावून तेही बघतात.

अपॉइंटमेंट मी नेहमी दुपारची घेतो, उघडच आहे. पण रेघेवर खूण करताना सकाळही हिशेबात धरतो, नाहीतर आकडा उगाच देखणा यायचा आणि औषध कमी पडायचं.

माझा आकडा अजून 2.6 च्या थोडा वरच आहे. पुढच्या भेटीत गोळ्यांऐवजी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घ्यायचं का, हे ठरेल. काहींना त्याने मळमळ कमी होते. पोटावर किंवा मांडीवर घरच्या घरी टोचता येतं, म्हणून कोणी टोचायचं हा प्रश्न आहे. बायकोने स्वतःहून तयारी दाखवली आहे, जरा जास्तच उत्साहाने. मी तिला म्हटलं, बघू, दुपारी चारला ठरवू.